गोपाळगड ते भूपाळगड : सातारा-सांगलीचा समुद्र

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नकाशावर या दोन्ही जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग भिंतीसारखी उभी आहे. समुद्र त्या भिंतीपलीकडे, रायगड आणि रत्नागिरीच्या वाट्याला आलेला. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत गुहागर, हर्णै, जयगड पाहून परतणारी आपली मंडळी एखाद्या परमुलखात जाऊन आल्यासारखी बोलतात. अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड हे आपले. खाऱ्या वाऱ्यात झिजणारे गोपाळगड, सुवर्णदुर्ग हे कोकणचे, अशी एक वाटणी आपल्या मनाने परस्पर करून टाकली आहे. ही वाटणी इतिहासाला मान्य नाही, आणि थोडे खोलात गेले तर भूगोलालाही मान्य नाही, हे प्रस्तुत लेखात आम्हांला दाखवावयाचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा जेथे उगम पावते, तेथून अरबी समुद्र सुमारे ६४ किलोमीटरवर आहे. असे असूनही कृष्णामाई समुद्राकडे पाठ फिरविते आणि वाई, कऱ्हाड, सांगली करीत सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरात उगम पावलेली सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरते आणि बाणकोटच्या किल्ल्याखाली अरबी समुद्रात शिरते. एकाच माथ्यावरच्या दोन बहिणींची अशी दोन सासरे! आपण सारे कृष्णेच्या काठचे लोक. म्हणून आपली दृष्टी सदैव पूर्वेकडे राहिली. परंतु पूर्वीचे व्यापारी, यात्रेकरू आणि राज्यकर्ते सावित्रीच्या आणि वाशिष्ठीच्या दिशेनेही तितक्याच अगत्याने पाहत असत.

त्यांच्या त्या पाहण्याची खूण आजही एका रस्त्याच्या रूपाने शिल्लक आहे. गुहागरच्या समुद्रकाठावरून निघणारा गुहागर-विजापूर मार्ग चिपळूण गाठतो, कुंभार्ली घाटाने सह्याद्री चढतो, कोयनानगर आणि पाटण मागे टाकून कऱ्हाडला येतो, आणि पुढे सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, जत करीत विजापूरला पोहोचतो. आजचा डांबरी रस्ता अलीकडचा. पण बंदर, घाट, पेठ आणि राजधानी यांना जोडणारी ही दिशा फार जुनी आहे. या वाटेच्या दोन्ही अंगांना जे किल्ले उभे आहेत ते समुद्राकडून मोजू लागावे : अंजनवेलचा गोपाळगड, चिपळूणचा गोवळकोट, घाटमाथ्यावरचा जंगली जयगड, पाटणजवळचा दातेगड, तळबीडचा वसंतगड, कऱ्हाडजवळचा सदाशिवगड आणि खानापूर तालुक्यातील भूपाळगड. गोपाळगडापासून भूपाळगडापर्यंतची ही एक माळ आहे. तिचा एक मणी खाऱ्या पाण्यावर आहे आणि दुसरा दुष्काळी माळावर, एवढाच काय तो फरक. हे सारे किल्ले एका हाताने किंवा एका काळात बांधले गेले असे नव्हे. पण ज्या कुणाला बंदराचे उत्पन्न आणि देशावरचे धान्य ही दोन्ही हवी होती, त्याला ही माळ हाती ठेवणे भाग पडले.

आता थोडेसे दगडाविषयी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर पडले, थरावर थर साचले, आणि त्यांतून दख्खनचे पठार व सह्याद्री घडला. आपल्या घराच्या जोत्याचा काळा दगड तो हाच. त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच आज सेशेल्स म्हणून ओळखला जाणारा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला आणि पश्चिमेस समुद्र पसरला. अनेक भूशास्त्रज्ञांचे मत असे आहे की, सह्याद्रीचा उभा कडा आरंभी आजच्या किनाऱ्याच्या बराच जवळ होता. पाऊस आणि नद्या यांनी तो झिजवीत झिजवीत पूर्वेकडे मागे ढकलला, आणि त्या झिजेतून कोकणपट्टी मोकळी झाली. हे मत लक्षात घेऊन कोयनेच्या अरण्यातील वासोटा किल्ल्यावर जावे आणि तेथील बाबू कड्याच्या टोकाशी उभे राहून खाली पाहावे. अर्धवर्तुळाकार तुटलेला तो कडा, खाली कोकणाचे धुके, वर येणारा दमट वारा! आपण समुद्राच्या एका प्राचीन काठाच्या वारसदारावर उभे आहोत, हे तेथे सांगावे लागत नाही.

दुसरा दगड जांभा. काळ्या दगडावर लाखो वर्षे ऊन-पाऊस पडून त्यातील इतर द्रव्ये वाहून गेली आणि लोह राहिले, की तांबूस, सच्छिद्र जांभा तयार होतो. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण बनतो. म्हणून कोकणात त्याचे चिरे काढून घरे आणि तटबंद्या उभारल्या गेल्या. कोकणातील जांभ्याच्या सपाट माथ्याला 'सडा' म्हणतात. आता गंमत अशी की, साताऱ्याचे कास पठार, जे २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसायादीत गेले आणि जे पाहण्यास दरवर्षी फुलांच्या दिवसांत गर्दी लोटते, तेही जांभ्याचेच आहे. पाटण तालुक्यात तर 'सडा' हा शब्दच गावाच्या नावात बसला आहे. सडावाघापूर येथे पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वारा उलट उचलून माथ्यावर आणून टाकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तो वारा समुद्रावरून आलेला असतो, हे मात्र तेथे छायाचित्रे काढण्यात दंग असलेल्यांच्या क्वचितच मनात येत असावे. त्याच वाऱ्याचे आणि पाण्याचे दुसरे रूप पाहावयाचे असेल तर गुहागर तालुक्यातील हेदवीला जावे. तेथे काळ्या खडकात 'बामणघळ' नावाची अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत कोंडली जाते आणि मोठ्या गर्जनेसह कारंज्यासारखी उसळते. ओहोटीला तीच भेग अगदी गरीब दिसते. त्या गरिबीवर विश्वासून कुणी आत उतरू नये. कोकणी माणूस तेथे लांबूनच उभा राहतो, आणि ते शहाणपणाचे आहे.

दगडाविषयी पुरे. माणसांकडे वळले पाहिजे, कारण किल्ला म्हणजे शेवटी माणसांच्या भीतीचे आणि लोभाचे बांधकाम.

वाशिष्ठी जेथे समुद्राला मिळते तेथे खाडीच्या उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल अशी दोन गावे आहेत. आजचे दाभोळ एक शांत कोळीबंदर आहे. पण बहमनी आणि आदिलशाही काळात ते पश्चिम किनाऱ्यावरील एक थोर बंदर होते. अरबी घोडे येथे उतरत आणि घाट चढून देशावर जात. देशावरचे कापड येथून बाहेर पडे. हजयात्रेकरू येथून मक्केला निघत. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात येऊन राहिलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन याने मायदेशी परतण्यासाठी जहाज धरले ते याच बंदरात. खाडीकाठची दगडी मशीद, जिला लोक 'अंडा मशीद' म्हणून ओळखतात, त्या वैभवाची साक्ष आहे. मक्केस निघालेल्या एका आदिलशाही राजकन्येचा प्रवास येथेच खुंटला आणि तिने यात्रेसाठी आणलेले द्रव्य मशिदीच्या बांधकामाला दिले, अशी परंपरागत कथा आहे.

याच दाभोळवर १५०८ सालच्या डिसेंबरच्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेइदा चालून आला. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा तरुण पुत्र लोरेन्सो मारला गेला होता. पुत्राच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी दीवकडे जात असता त्याने वाटेत दाभोळ गाठले, शहर जाळले आणि रहिवाशांची सरसकट कत्तल केली. त्या जहाजांच्या शिडांवर क्रूस रंगविलेला होता. धर्मप्रांतीय पानावर लिहिताना हा प्रसंग गाळणे सोयीचे झाले असते. पण कोकणातील ख्रिस्ती इतिहासाची पाने उलटणाऱ्याने हेही पान वाचले पाहिजे, असे आम्हांला वाटते. पोर्तुगीजांनी बांधलेल्या वसईच्या आणि रेवदंड्याच्या भग्न चर्चवास्तूंपुढे आपण नम्र होतो, ते योग्यच आहे. दाभोळच्या वाळूत मात्र नम्र होण्याचे कारण निराळे आहे.

सातारा आणि दाभोळ यांचा सांधा ज्या प्रसंगाने सर्वांत स्पष्ट दिसतो, तो प्रसंग आपल्याला पाठ आहे, फक्त त्याचा उत्तरार्ध आपण विसरतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. हा खान पूर्वी वाईचा सुभेदार होता. घाटावरच्या या सरदाराची तीन जहाजे दाभोळच्या बंदरात होती! शिवाजीमहाराजांच्या फौजा खाली उतरल्या तेव्हा दाभोळच्या आदिलशाही अधिकाऱ्याने ती जहाजे घेऊन राजापूर गाठले; मराठे त्यांच्या मागावर १६६० च्या जानेवारीत राजापूरला पोहोचले, आणि तेथील इंग्रज वखारीशी त्यांचा पहिला खटका उडाला तो याच जहाजांच्या मालावरून. वाईच्या सुभेदाराची दौलत समुद्रावर तरंगत होती, आणि प्रतापगडच्या विजयाची लाट दोन महिन्यांत बंदरावर आदळली. घाट ही भिंत असती तर असे घडते ना.

दाभोळच्या समोर, अंजनवेलच्या सड्यावर गोपाळगड आहे. समुद्राच्या बाजूस उतार तुटलेला, आणि जमिनीच्या बाजूस खडक खोदून केलेला खंदक. तटाचे जांभ्याचे चिरे पाऊस खाऊन काळवंडले आहेत. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत या तटाच्या नजरेखालून जाई, यातच किल्ल्याचे सारे प्रयोजन आले. आदिलशाहीत बांधलेला हा किल्ला शिवकाळात स्वराज्यात आला, १६९९ साली जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला, आणि १७४५ साली तुळाजी आंग्रे याने तो जिंकून त्यास गोपाळगड हे नाव दिले. १८१८ साली इतर सर्व किल्ल्यांबरोबर तोही इंग्रजांकडे गेला. पुढे लिलावाच्या मार्गाने त्याची मालकी खासगी हातांत गेली आणि तटाच्या आत आंब्याची कलमे लागली. जेथे तोफा होत्या तेथे हापूस धरला, हे ऐकावयास सुंदर वाटते. पण कलमांसाठी सपाट केलेल्या जमिनीखाली वाड्यांची जोती गेली, हेही खरे. कालांतराने राज्य शासनाने किल्ला संरक्षित स्मारक म्हणून घोषित केला. त्याच्या शेजारच्या सड्यावर तो प्रसिद्ध वीजप्रकल्प आहे, ज्याच्या नावाने १९९० च्या दशकात महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. खाडीच्या तोंडाचे मोल विजापूरच्या सुलतानाला कळले होते, तसेच ते अमेरिकन कंपनीलाही कळले, एवढेच त्यावर म्हणता येईल.

हा किल्ला सिद्दीकडे असताना घडलेल्या एका प्रकाराचे पडसाद थेट साताऱ्याच्या दरबारात उमटले. अंजनवेल आणि गोवळकोट यांचा अधिकारी सिद्दी सात हा होता. १७२७ सालच्या महाशिवरात्रीस त्याने एका हत्तीच्या प्रकरणावरून संतापून चिपळूणजवळचे श्रीपरशुरामाचे देवस्थान लुटले आणि उद्ध्वस्त केले. तेथे वास्तव्य करणारे ब्रह्मेंद्रस्वामी दुखावले, कोकण सोडून घाट चढले आणि साताऱ्याजवळ धावडशी येथे राहिले. छत्रपती शाहूमहाराज, पेशवे आणि अनेक सरदार त्यांना गुरुस्थानी मानीत. स्वामींनी सिद्दीचे पारिपत्य व्हावे म्हणून एकसारखा आग्रह धरला. १७३३ साली जंजिऱ्यावर मोहीम निघाली, आणि १७३६ च्या एप्रिलमध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या हातून सिद्दी सात मारला गेला. स्वामींची समाधी धावडशीस आहे. आपल्यापैकी किती जण ते गाव पाहून आले असतील. पण चिपळूणच्या डोंगरावरचे एक दुःख तेथे येऊन राहिले होते, ही ओळख ठेवून पाहिले तर त्या गावाचे दर्शन बदलते.

गोवळकोटापर्यंत खाडीची भरती येते. पूर्वी तिच्याबरोबर गलबतेही येत. येथून पुढे बैलांची आणि तांड्यांची वाट. कुंभार्ली घाटावर नजर ठेवणारा जंगली जयगड कोयनानगरजवळच्या नवजा गावाच्या वरच्या अंगास, दाट रानात आहे. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहण्यास पावसाळ्यात पुष्कळ लोक येतात, परंतु किल्ल्याकडे थोडेच वळतात. ते एका परीने बरे. हा सारा टापू कोयना अभयारण्यात, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथे जाता येत नाही. दक्षिणेस, चांदोलीच्या अरण्यात, सांगली जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाशी प्रचितगड आहे. त्याची गोष्ट निराळी आणि अधिक कठीण. त्याच्या खाली कोकणात शृंगारपूर आहे, आणि वर येण्याची वाट अशी की चढणाऱ्याने आपल्या दमाचा अंदाज आधीच घ्यावा.

पाटणजवळच्या दातेगडावर कातळात खोल खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे; आत उतरण्यास पायऱ्या आहेत. ज्या काळ्या दगडाने हेदवीस समुद्राला वाट दिली, त्याच दगडाने येथे माणसाला पाणी दिले. वसंतगड तळबीडच्या डोक्यावर आहे, आणि तळबीड म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे गाव. १६९९ साली औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घालण्यापूर्वी प्रथम वसंतगड घेतला आणि त्याचे नाव 'विजयाची किल्ली' या अर्थाचे ठेवले. बादशहाची ही कल्पना चुकीची नव्हती. कऱ्हाडची पेठ, कोकणची वाट आणि साताऱ्याची वाट या तिन्हींना लागणारी किल्ली तेथेच होती.

सांगली जिल्ह्यातील भूपाळगड, ज्याच्या पायथ्याच्या गावामुळे त्याला बाणूरगड असेही म्हणतात, या माळेचा आमच्या समजुतीने सर्वांत उपेक्षित मणी आहे. भोवती माण-खानापूरचा उघडा, कोरडा मुलूख. १६७९ साली दिलेरखानाने हा किल्ला घेतला तेव्हा युवराज संभाजीराजे मोगलांच्या छावणीत होते. चाकणच्या वेढ्यात नाव झालेला फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता. आपल्याच युवराजावर तोफ कशी डागावी, या पेचात किल्ला पडला, आणि दिलेरखानाने हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला. शिवकाळातील हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी म्हणून एक स्थान येथे दाखविले जाते. समुद्र येथून कितीतरी दूर. पण विजापूरकडून समुद्राकडे निघालेल्याला मराठी मुलखाची चाहूल प्रथम देणारा पहारा हाच.

या वाटेने आज माणसे आणि माल खाली-वर होतात, तसे पाणीही खाली जाते. कोयना ही साताऱ्याची नदी. निसर्गतः ती कऱ्हाडला कृष्णेस मिळावयाची आणि पूर्वेस जावयाची. परंतु धरणातील पाण्याचा मोठा हिस्सा बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविला जातो, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज होते, आणि ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. १९६२ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. कृष्णा पाणीवाटप लवादाने या कामासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस वळविण्यास मान्यता दिली. हे पाणी चिपळूणहून, मगरींच्या खाडीतून, गोवळकोटाखालून वाहत शेवटी गोपाळगडासमोर समुद्रास मिळते. म्हणजे ज्या पाण्यात महाबळेश्वर-बामणोलीचा पाऊस आहे, तेच पाणी अंजनवेलच्या तटाखाली खारे होते. सातारा जिल्ह्याचा समुद्राशी काही संबंध नाही असे म्हणणाऱ्यास हे एकच उदाहरण पुरे व्हावे. (प्रशासनाच्या नकाशाप्रमाणे पाहिले तर चर्चच्या नकाशातही हा संबंध होता : २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत घाटावरचे सातारा-सांगली आणि खालचे रत्नागिरी हे एकाच पुणे धर्मप्रांतात होते.)

आता ज्या घटनेसाठी हा सारा प्रपंच मांडला तिच्याकडे येऊ. दाभोळच्या उत्तरेस, हर्णै बंदरासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. चहूकडून लाटा झेलणारा हा जलदुर्ग काळ्या दगडाच्या तटाचा. समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला अशी त्याची तीन धाकटी भावंडे. कान्होजी आंग्रे यांचे नाव या किल्ल्याशी कायमचे जडले आहे. कान्होजींनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने साताऱ्याच्या शाहूछत्रपतींचा पक्ष स्वीकारला आणि 'सरखेल' म्हणून मराठ्यांचे आरमार सांभाळले. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी यांच्यापैकी कुणालाही त्यांनी आपल्या दस्तकाशिवाय निर्वेध फिरू दिले नाही. त्या काळी साताऱ्याच्या गादीची आज्ञा खऱ्या अर्थाने समुद्रावर चालत होती. १७२९ साली कान्होजी निवर्तले, मुलांत भाऊबंदकी झाली, आणि दक्षिणेकडील किनारा तुळाजीकडे गेला.

तुळाजी शूर होता, आणि उद्दामही होता. तो पेशव्यांना जुमानीत नसे, स्वकीयांच्या मुलखालाही त्रास देई. त्याचा बंदोबस्त करावा असे नानासाहेब पेशव्यांना वाटले, यात वावगे काही नव्हते. परंतु तो बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी मुंबईकर इंग्रजांचा हात धरला. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याच्या तोफांनी सुवर्णदुर्ग पडला. अंजनवेल-गोवळकोट पेशव्यांच्या फौजेने घेतले. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि त्या खाडीत एकवटलेले आंग्र्यांचे आरमार आगीत भस्म झाले. तुळाजी मरेपर्यंत या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर कैदेत फिरला. इंग्रजांनी विजयदुर्ग लगेच सोडला नाही. त्याच्या बदल्यात बाणकोट घेतल्यावरच सोडला. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे निघाले. पुढे प्लासी झाली, ती १७५७ साली.

आणि त्या दिवसांत सातारा काय करीत होता? शाहूमहाराज १७४९ साली निवर्तले होते. त्यांच्या गादीवर बसलेले रामराजे १७५० पासून ताराबाईंच्या कैदेत, साताऱ्याच्याच किल्ल्यावर होते. ज्यांच्या नावाने ते आरमार समुद्रावर फिरत होते, ते छत्रपती आपल्याच तटाच्या आत बंदिवान असताना ते आरमार जळाले. निर्णय पुण्यास झाला, आग विजयदुर्गास लागली, आणि साताऱ्यास कुणी विचारले नाही. नानासाहेबांचा हा निर्णय पाहता येतो त्या काळच्या गरजेच्या चष्म्यातून, पण आम्हांला तो घातक वाटतो. कारण किल्ला पुन्हा जिंकता येतो, आरमाराचे सुतार, तांडेल, खलाशी आणि त्यांच्या पिढ्यांचे ज्ञान जळाले म्हणजे ते पुन्हा उभे करण्यास आयुष्ये लागतात. बासष्ट वर्षांनी, १८१८ साली, इंग्रज आले तेव्हा त्यांना समुद्रात अडविणारे असे फारसे कुणी उरले नव्हते.

लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा आहे. कमोडोर जेम्सच्या विधवेने पतीच्या स्मरणार्थ १७८४ साली तो बांधला, आणि त्याचे नाव ठेवले 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सेव्हर्नड्रूग म्हणजे इंग्रजी जिभेवरचा सुवर्णदुर्ग. त्या मनोऱ्याची नीट दुरुस्ती झाली आहे आणि तो पाहण्यास लोक जातात. मूळ सुवर्णदुर्गात मात्र झुडपांतून वाट काढावी लागते.

चित्र थोडे बदलू लागले आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसायादीत समाविष्ट झाले. त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे, आणि किनाऱ्यावरचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व खांदेरीही आहेत. एकाच यादीत घाटमाथा आणि समुद्र आले, याचा आम्हांला विशेष आनंद आहे. मात्र या लेखात सांगितलेल्या माळेतील एकही मणी त्या यादीत नाही. गोपाळगड, जंगली जयगड, दातेगड, वसंतगड, भूपाळगड यांची काळजी वाहण्याचे काम स्थानिक तरुण मंडळांवर आणि गावकऱ्यांवरच आहे. त्यांच्यातील कित्येक जण रविवारी कुदळ-फावडे घेऊन गडावर जातात, टाक्यांतला गाळ काढतात. गड पाहण्यास जाणाऱ्याने निदान आपली पाण्याची बाटली खाली परत आणावी.

ज्यांना ही वाट एका दमात पाहावयाची असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. कऱ्हाडहून सकाळी निघून वसंतगड किंवा दातेगड पाहावा, घाट उतरून चिपळूणला गोवळकोट करावा आणि गुहागरला मुक्कामास जावे. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या सुमारास हेदवी, मग अंजनवेल. गोपाळगडावरून खाडीचे तोंड आणि पलीकडचे दाभोळ एका दृष्टिक्षेपात येते. जवळच्या धोपावे गावाहून फेरीबोट गाडीसकट दाभोळला उतरविते, आणि तेथून दापोलीच्या बाजूने हर्णै गाठता येते. हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव भरतो. तो आटोपल्यावर कोळीबांधव सुवर्णदुर्गावर होडी नेतात. समुद्र खवळलेला असेल तर आग्रह धरू नये. किल्ल्यावर किती वेळ थांबावयाचे हे भरती-ओहोटी पाहून नावाडीच ठरवितो.